भारत–इस्रायल मैत्री आणि लोकमत : पेण-रोह्याकडून पाहताना

ऑक्टोबर २०२३ नंतर आपल्या अभ्यासवर्गांत, विद्यार्थी शिबिरांत आणि विहारांतल्या रविवारच्या बैठकांत एक प्रश्न सतत येतो : भारत आणि इस्रायल यांच्या वाढत्या मैत्रीकडे आपण कसे पाहायचे? उत्तरे बहुतेक वेळा मोबाईलवर आलेल्या संदेशांतून दिली जातात. एका बाजूला 'इस्रायल आपला खरा मित्र' आणि दुसऱ्या बाजूला 'इस्रायलशी संबंध म्हणजे अन्यायाला साथ'. दोन्ही बाजूंना इतिहासाची फारशी गरज वाटत नाही. म्हणून कार्यकर्त्यांच्या हाताशी असावा असा हा संदर्भ लेख आम्ही तयार केला आहे.

सुरुवात आम्ही रायगड जिल्ह्यापासून करतो. इस्रायलमध्ये आजही पेणकर आणि रोहेकर आडनावाची घरे आहेत. त्यांच्या जुन्या पिढीची मातृभाषा मराठी आहे. दोन देशांच्या संबंधांची चर्चा दिल्ली आणि जेरुसलेमच्या नावाने होते, पण त्या संबंधांतली माणसे पेण, रोहा, अलिबाग, रेवदंडा, पनवेल या गावांतून गेलेली आहेत.

पेणकर, रोहेकर आणि 'शनिवार तेली'

कोकणातल्या ज्यू समाजाला 'बेने इस्रायल' म्हणतात. अर्थ, इस्रायलची लेकरे. त्यांच्या परंपरेनुसार फार पूर्वी अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. नवगावला त्यांचे स्मारक आहे. या कथेला लेखी पुरावा नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात मात्र या समाजात मध्यपूर्वेतील ज्यू आणि स्थानिक भारतीय अशी दोन्ही मुळे आढळली. हा किनारा बाहेरच्या जगाला अनोळखी नव्हताच. चौल आणि राजपुरीच्या खाडीतून व्यापार चालत होता, आणि त्याच राजपुरीच्या खाडीकडे पाहणारी कुड्याची बौद्ध लेणी आपल्या परिचयाची आहेत.

हा समाज गावोगाव तेलाचे घाणे चालवत असे. शनिवारी घाणा बंद ठेवायचा म्हणून त्यांना 'शनिवार तेली' हे नाव पडले. आडनावे गावावरून आली : पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, किहीमचे किहीमकर, चौलचे चेऊलकर, नवगावचे नवगावकर, दिव्याचे दिवेकर. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात अनेक जण कंपनीच्या पलटणीत, पुढे रेल्वेत आणि सरकारी कचेऱ्यांत गेले. मुंबईतले त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये शमुवेल इझिकेल ऊर्फ सामाजी हसाजी दिवेकर या लष्करी अधिकाऱ्याने बांधले. रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण येथील सिनेगॉग एकोणिसाव्या शतकातली आहेत. बेने इस्रायल लोक मराठीत सिनेगॉगला 'मशीद' म्हणत. आज ज्यू आणि मुस्लिम म्हणजे जन्मजात वैरी असे सांगणाऱ्यांनी हा एक शब्द लक्षात ठेवावा.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून त्यांची धार्मिक पुस्तके मराठीत छापली जाऊ लागली. ज्यू धर्मकथा सांगणारी मराठी कीर्तने झाली. भारत स्वतंत्र झाला तेव्हा देशात बेने इस्रायल सुमारे वीस हजार होते. आज भारतातले सगळे ज्यू मिळून पाच हजारांच्या आसपास आहेत, तर इस्रायलमधील भारतीय वंशाच्या ज्यूंची संख्या ऐंशी हजारांच्या घरात सांगितली जाते. त्यात मोठा वाटा मराठी भाषकांचा आहे. अश्दोद, बेरशेबा, दिमोना, लोद, रामले या गावांत त्यांची वस्ती आहे. तिथून 'मायबोली' हे मराठी नियतकालिक निघत आले आहे. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला.

'भारतात ज्यूंचा छळ झाला नाही' : वाक्य खरे, पण अपुरे

दोन्ही देशांच्या नेत्यांच्या भाषणांत एक वाक्य हमखास असते : जगभर ज्यूंचा छळ झाला, भारतात मात्र कधीच नाही. कोकणापुरते ते खरे आहे. पेण, रोह्याचे ज्यू छळामुळे गेले नाहीत. धार्मिक ओढ, नोकरीची आशा, स्वातंत्र्यानंतरच्या काळातली अनिश्चितता आणि आधी गेलेल्या नातेवाइकांची पत्रे, अशी कारणे होती.

पण याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले म्हणून आपल्या लोकांची डोकी फोडली गेली. मुंबई कायदे मंडळाचा ठराव होता, महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचे जाहीर केले होते, तरीही. परदेशातून आलेल्या, वेगळा देव मानणाऱ्या समाजाला या जिल्ह्याने सामावून घेतले आणि इथल्याच मातीतल्या माणसाला पाणी नाकारले. याचे कारण समजून घेतले पाहिजे. बेने इस्रायलांना गावाने एक जात म्हणून जागा दिली. त्यांचा धंदा ठरला, नाव ठरले, पायरी ठरली. ज्याला पायरी मिळाली त्याचा छळ झाला नाही. ज्याला पायरीच्या खाली ठेवले त्याला तळेही मिळाले नाही. ती सहिष्णुता जातिव्यवस्थेच्या आतली होती.

जातीची हवा त्या समाजालाही लागली. बेने इस्रायलांत 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता. आई ज्यू नसलेल्यांच्या वंशजांना 'काळे' म्हणत, आणि त्यांच्याशी रोटीबेटी टाळली जाई. विसाव्या शतकात हा भेद मागे पडला. हे आम्ही त्या समाजाला कमी लेखण्यासाठी सांगत नाही. जात फक्त एका धर्मात राहत नाही, हे बाबासाहेबांचे निरीक्षण आपल्या जिल्ह्यातल्या उदाहरणाने स्पष्ट होते, म्हणून सांगतो.

दोन राष्ट्रांचे संबंध : महत्त्वाच्या तारखा

- २९ नोव्हेंबर १९४७ : पॅलेस्टाईनच्या फाळणीच्या ठरावाविरुद्ध संयुक्त राष्ट्रांत भारताचे मत. फाळणीऐवजी संघराज्य असावे, ही भारताची सूचना होती.
- मे १९४९ : इस्रायलला संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व देण्याविरुद्ध भारताचे मत.
- १७ सप्टेंबर १९५० : भारताची इस्रायलला मान्यता. पूर्ण राजनैतिक संबंध नाहीत, पुढे फक्त मुंबईत वकिलातीचे कार्यालय.
- १९७४ : पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेला मान्यता. १९८८ मध्ये पॅलेस्टाईन राष्ट्राला मान्यता.
- १९७७ : मोरारजी देसाई पंतप्रधान असताना इस्रायलचे परराष्ट्रमंत्री मोशे दायान यांची गुप्त भारतभेट.
- २९ जानेवारी १९९२ : पी. व्ही. नरसिंह राव यांच्या काळात पूर्ण राजनैतिक संबंध. सोव्हिएत संघ संपला होता, अरब-इस्रायल बोलणी माद्रिदला सुरू झाली होती.
- २००३ : एरियल शेरॉन यांची भेट, इस्रायली पंतप्रधानांची पहिली.
- २६ नोव्हेंबर २००८ : मुंबई हल्ल्यात नरिमन हाऊसमधील ज्यू केंद्र लक्ष्य.
- जुलै २०१७ : नरेंद्र मोदी यांची भेट, भारतीय पंतप्रधानांची पहिली. जानेवारी २०१८ मध्ये बेंजामिन नेतान्याहू भारतात.
- २७ ऑक्टोबर २०२३ : गाझातील युद्ध थांबवण्याविषयीच्या ठरावावर भारत तटस्थ. १२ डिसेंबर २०२३ रोजी युद्धबंदीच्या बाजूने मत.
- १२ सप्टेंबर २०२५ : द्विराष्ट्र तोडग्याला पाठिंबा देणाऱ्या ठरावाच्या बाजूने भारताचे मत.

या तारखांवरून दिसते की भारताची अधिकृत भूमिका अजूनही दोन्हीकडे पाय ठेवून आहे. शस्त्रे, शेती आणि तंत्रज्ञानाचे व्यवहार इस्रायलशी, आणि पॅलेस्टाईनच्या स्वतंत्र राष्ट्राला तत्त्वतः पाठिंबा.

महाराष्ट्रातील लोकमताचे प्रवाह

लोकमत एकसंध कधीच नव्हते. ढोबळपणे पाच प्रवाह दिसतात.

पहिला प्रवाह काँग्रेसचा. गांधीजींनी १९३८ मध्ये 'हरिजन'मध्ये लिहिताना ज्यूंच्या छळाविषयी सहानुभूती दाखवली, पण पॅलेस्टाईन अरबांचे आहे अशी भूमिका घेतली. नेहरूंचे धोरण त्याच वाटेने गेले. अरब देशांचा पाठिंबा, तेल, काश्मीरचा प्रश्न हे हिशेबही त्यात होते.

दुसरा प्रवाह हिंदुत्ववादी. सावरकरांनी डिसेंबर १९४७ मध्येच ज्यू राष्ट्राचे स्वागत केले आणि भारताच्या विरोधी मतावर टीका केली. पुढे ना. ह. पालकरांचे 'इस्रायल : छळाकडून बळाकडे' हे पुस्तक मराठी घरांत पोहोचले. या प्रवाहाचे आकर्षण लष्करी ताकदीचे आहे.

तिसरा प्रवाह समाजवाद्यांचा. तो आज विसरला गेला आहे. जयप्रकाश नारायण १९५८ मध्ये इस्रायलला गेले होते. सामूहिक शेती करणाऱ्या 'किबुत्स' वस्त्यांचे सर्वोदयी आणि समाजवादी कार्यकर्त्यांना मोठे कुतूहल होते. म्हणजे इस्रायलविषयी आस्था ही केवळ उजव्यांची होती, असे नाही.

चौथा प्रवाह डावे पक्ष, मुस्लिम समाज आणि मानवी हक्क कार्यकर्त्यांचा. वसाहतवाद आणि विस्थापन हे त्यांचे मुख्य मुद्दे. रोहा, म्हसळा, मुरुड, श्रीवर्धन पट्ट्यातील कोकणी मुस्लिम कुटुंबांचे आखाती देशांशी नोकरीचे जुने नाते आहे, त्यामुळे त्यांच्यासाठी हा विषय बातमीपुरता नसतो.

पाचवा प्रवाह व्यवहाराचा. ठिबक सिंचन, फळबाग, संरक्षण साहित्य यांतून तो वाढला. भारत-इस्रायल कृषी प्रकल्पाखाली दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात आंब्याचे गुणवत्ता केंद्र उभे राहिले. कोकणातल्या बागायतदाराचे मत बहुधा तिथे बनते, जेरुसलेमच्या बातमीवर नाही.

बेने इस्रायल समाजाचे स्वतःचे मतही एकच नव्हते. १८९७ मध्ये बाझलच्या पहिल्या झायोनिस्ट परिषदेचे निमंत्रण आले तेव्हा मुंबईच्या बेने इस्रायलांनी ते स्वीकारले नाही. राष्ट्रीय चळवळीत काय करायचे यावरही त्यांच्यात मतभेद होते. गांधीजींच्या उपवासांत त्यांच्या प्रकृतीची काळजी घेणारे डॉ. अब्राहम सॉलोमन एरुळकर याच समाजाचे.

बाबासाहेबांच्या नावाने काय सांगता येते?

या विषयावर बाबासाहेबांच्या नावाने बनवलेली वाक्ये फिरतात. कार्यकर्त्यांनी इथे फार जपून राहावे.

खात्रीने सांगता येण्यासारख्या गोष्टी अशा. १७ सप्टेंबर १९५० रोजी भारताने इस्रायलला मान्यता दिली तेव्हा बाबासाहेब कायदामंत्री होते. पण मंत्रिमंडळात असणे म्हणजे त्या निर्णयाचे जनक असणे नव्हे. १९५१ मध्ये राजीनामा देताना त्यांनी जी कारणे दिली त्यात परराष्ट्र धोरण हे एक होते. आपले धोरण आपल्याला मित्रहीन करत आहे, आणि म्हणून महसुलाचा मोठा भाग सैन्यावर खर्च करावा लागतो, ही त्यांची तक्रार होती. ऑगस्ट १९५४ मध्ये राज्यसभेत त्यांनी पंचशीलावर विसंबून चीनवर विश्वास ठेवण्याला आक्षेप घेतला, आणि चीनमधील बौद्धांच्या स्थितीकडे बोट दाखवले. ज्यूंच्या इतिहासाचा त्यांचा अभ्यास होता. त्यांच्या एका अप्रकाशित राहिलेल्या लेखनाच्या शीर्षकातच अस्पृश्यांना भारताच्या 'घेट्टो'ची लेकरे म्हटले आहे. घेट्टो म्हणजे युरोपात ज्यूंना कोंडून ठेवलेली वस्ती.

यातून पद्धत मिळते. मैत्री कोणाशी, तिची किंमत किती, आणि ती किंमत कोण भरतो, असे हिशेब बाबासाहेब मांडत. २०२३ नंतरच्या घटनांवर त्यांचे तयार उत्तर मात्र यातून निघत नाही. तसे उत्तर जो कोणी दाखवेल त्याच्याकडे खंड आणि पान मागा.

बौद्ध जगाचा एक संदर्भही नोंदवतो. ब्रह्मदेशाचे पंतप्रधान ऊ नू १९५५ मध्ये इस्रायलला गेले. इस्रायलला भेट देणारे ते पहिले परदेशी पंतप्रधान. १९६१ मध्ये डेव्हिड बेन-गुरियन ब्रह्मदेशात आले आणि काही दिवस बौद्ध ध्यान आणि विचार समजून घेण्यात घालवले. बौद्ध बहुसंख्य देशाने इस्रायलशी मैत्री केली होती, ही नोंद आहे. ती आजच्या भूमिकेसाठी आदेश होऊ शकत नाही.

१९६२ ते १९६४ : मराठी ज्यूंचा समतेचा लढा

आपल्या चळवळीला सर्वांत जवळचे पान हे आहे, आणि ते सर्वांत कमी माहीत आहे.

सुरुवातीला गेलेल्या बेने इस्रायलांना इस्रायलमध्ये रंगावरून भेद, वाईट घरे, हलकी कामे यांचा अनुभव आला. १९५१ मध्ये काहींनी धरणे धरले, 'आम्हाला परत भारतात पाठवा' अशी मागणी केली, आणि १९५२ मध्ये शंभराहून अधिक लोक खरोखर मुंबईला परतले. त्यातले बरेच जण पुढे पुन्हा इस्रायलला जायला निघाले, हेही खरे.

मोठा संघर्ष लग्नावरून झाला. कोकणात शतकानुशतके वेगळे राहिल्यामुळे या समाजाने घटस्फोट आणि विवाहाचे ज्यू नियम नीट पाळले की नाही, अशी शंका काही धर्मगुरूंनी काढली. १९६२ मध्ये मुख्य धर्मपीठाने नियम काढला : बेने इस्रायल व्यक्तीचे इतर ज्यूंशी लग्न लावण्यापूर्वी तिच्या आईकडच्या पिढ्यांची चौकशी करावी. पेण, रोह्याहून गेलेल्या माणसाला आपली आजी-पणजी 'शुद्ध' होती हे सिद्ध करायला सांगितले गेले.

समाज रस्त्यावर उतरला. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणे आणि मोर्चे झाले. १७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्रायलच्या संसदेने जाहीर केले की बेने इस्रायल सर्व बाबतींत ज्यू आहेत आणि त्यांच्यात व इतरांत भेद करता येणार नाही. त्यानंतर धर्मपीठाला नियमाचा शब्द बदलावा लागला.

ज्याला 'कोणाच्या पोटी जन्मलास' हा प्रश्न विचारला गेला आहे, त्याला या लढ्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. शिवाय यातून दिसते की इस्रायल म्हणजे एकच मत असलेला देश नाही. तिथेही सत्ता, धर्मपीठ आणि नागरिक यांच्यात संघर्ष असतो. सरकारवर टीका करणारे ज्यू तिथेही आहेत आणि जगभर आहेत.

सर्वेक्षणे कशी वाचावीत

'भारतीय लोक इस्रायलचे जगातले सर्वांत मोठे समर्थक' असे वाक्य अनेकदा वापरले जाते. त्याच्या मुळाशी मुख्यतः २००९ चे एक सर्वेक्षण आहे. त्यात ५८ टक्के भारतीयांनी सहानुभूती दाखवल्याचे सांगितले गेले. ते सर्वेक्षण इस्रायलच्या परराष्ट्र मंत्रालयासाठी झाले होते, आणि मुंबईवरच्या हल्ल्याला तेव्हा फार काळ लोटला नव्हता. २०२५ मध्ये प्यू संशोधन केंद्राने २४ देशांत विचारणा केली. त्यांतील २० देशांत निम्मे किंवा त्याहून अधिक लोकांचे मत इस्रायलविषयी प्रतिकूल होते. भारतात मात्र लोक विभागलेले दिसले, आणि मत न देणारेही बरेच होते.

अशा आकड्यांसमोर तीन प्रश्न विचारावेत. सर्वेक्षण कोणी करवले? केव्हा केले? 'सांगता येत नाही' म्हणणारे किती? पेण किंवा रोहा तालुक्यातला शेतमजूर, धाटावच्या कारखान्यातला कंत्राटी कामगार, वाडीतली आदिवासी बाई यांचे मत राष्ट्रीय सरासरीत दिसत नाही. समाजमाध्यमांवरचा गोंगाट म्हणजे लोकमत नव्हे.

रोजगार : हा प्रश्न आपल्या दारात आला आहे

आपल्या तरुणांसाठी ही मैत्री सर्वांत थेट रूपात नोकरीच्या जाहिरातीतून येते. २०२३ मध्ये दोन्ही देशांत ४२ हजार भारतीय कामगारांविषयी करार झाला : ३४ हजार बांधकामासाठी, बाकीचे शुश्रूषेसाठी. युद्ध सुरू झाल्यावर पॅलेस्टिनी कामगारांचे परवाने बंद झाले आणि भरतीला वेग आला. हरियाणा व उत्तर प्रदेशानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्यातही भरती झाली. सळई वाकवणे, सेंट्रिंग, प्लास्टर, लादी अशी कामे, आणि महिना सव्वा लाख रुपयांहून अधिक पगार. अनेक केंद्रीय कामगार संघटनांनी याला विरोध केला : युद्धक्षेत्रात कामगार पाठवू नका, आणि हाकललेल्या मजुरांच्या जागी आपले मजूर उभे करू नका. मार्च २०२४ मध्ये उत्तर इस्रायलमध्ये क्षेपणास्त्राने केरळच्या एका कामगाराचा जीव घेतला. कौशल्य न जुळल्याने काहींना वेगळ्या कामावर पाठवल्याच्या बातम्याही आल्या.

ज्याच्या घरी कर्ज आहे त्या तरुणाला आम्ही उपदेश करणार नाही. मात्र जाण्यापूर्वी एजंट १९८३ च्या स्थलांतर कायद्याखाली नोंदलेला आहे का हे सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर पाहावे. करार स्वतःला समजणाऱ्या भाषेत वाचून घ्यावा, विम्याची आणि परतीच्या तिकिटाची अट तपासावी, आणि हल्ल्याच्या वेळी आसऱ्याची सोय काय हे विचारावे. गावातल्या कार्यकर्त्याने हे काम करून दिले, तर ते दहा भाषणांहून उपयोगी आहे.

आमची भूमिका

आम्ही दोन राष्ट्रांच्या संबंधांच्या विरोधात नाही. शेती, पाणी, वैद्यक, भाषा यांतली देवाणघेवाण व्हावी. अश्दोदच्या मराठी माणसाला पेणला आणि रोह्याला येता-जाता यावे. पण राजनैतिक मैत्री म्हणजे मित्राच्या प्रत्येक कृतीला संमती नव्हे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी इस्रायलमध्ये निरपराध लोकांची हत्या झाली आणि माणसे ओलीस नेली गेली, त्याचा निषेध केलाच पाहिजे. त्यानंतर गाझात हजारो मुले मेली, लोक अन्नावाचून राहिले, त्याचाही निषेध तितक्याच स्पष्टपणे झाला पाहिजे. पाणातिपाता वेरमणी हे शील राष्ट्र पाहून लागू होत नाही.

दुसरे, पेण किंवा अलिबागमध्ये उरलेली मोजकी ज्यू कुटुंबे ही कोणत्याही सरकारची प्रतिनिधी नाहीत, जसे रोह्यातील मुस्लिम शेजारी कोणत्याही सशस्त्र संघटनेचे नाहीत. हजारो मैलांवरच्या युद्धाच्या नावाने आपल्या तालुक्यात कोणाच्या दारावर बोट दाखवले जात असेल, तर तिथे मध्ये उभे राहणे हे आपल्या कार्यकर्त्याचे काम आहे.

तिसरे, पेणचे सिनेगॉग, नवगावचे स्मारक, चवदार तळे आणि कुड्याची लेणी एकाच जिल्ह्यात आहेत. अभ्यासवर्गाच्या सहलीत महाड असतेच. पुढच्या वेळी त्यात पेण आणि नवगावही घ्यावे, तिथल्या लोकांची परवानगी घेऊन, आणि तिथे उभे राहून १९२७ आणि १९६४ ही दोन्ही वर्षे मुलांना सांगावीत.